पिछला घुमता है

मी मूळचा इथला नाय. सोयगावच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमचं खेडं, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाय आणि कळलं तरी जायला रस्ता धड नाय. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्यानंतर सहा-सात वर्षांनी माझा जन्म, म्हणजे आई तसंच मोजायची, तिच्याकडं दुसरं कॅलेंडर नव्हतं. शाळेत नाव घातलं उत्तम. गुरुजी म्हणायचे, ह्याचं नाव तेवढं उत्तम, बाकी सगळं मध्यम. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाय. गुरुजी पट्टी उभी धरून मारायचे, आडवी नाय, आणि म्हणायचे, अरे पहिला उकार दुसरा उकार ह्यानं अर्थ बदलतो. मी म्हणायचो, गुरुजी, बोलताना तर सारखंच लागतं. की आणखी एक पट्टी. तेव्हा घरी येऊन सांगताना हसू यायचं. आता काय सांगू तुम्हाला, माझं आयुष्यात जे काही नुकसान झालं ते एका उकारानं झालं. एक माणूस गेला त्याच्यात. सांगतो, पण क्रमानं सांगू द्या, मला मधूनच सांगता येत नाय.

शेत होतं, पण आम्ही भाऊ चार. बावीस वर्षांचा झालो, लग्न झालेलं, सुमन घरात आलेली, आणि बाप म्हणाला, तू शहरात जा, तुझं हाताचं काम बरं आहे. सोयगावच्या बाजारात एक मनियारचाचा बसायचे, बांगड्या भरायचे, बापाचा आणि त्यांचा लई दिवसांची बोलचाल. त्यांचा जावई औरंगाबादला मोटारी दुरुस्त करतो म्हणले, आणि बांगड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी त्याला चिठ्ठी लिहून दिली. उर्दूत. मी एसटीत तीनदा काढून बघितली, उलटी का सुलटी तेसुद्धा कळेना. जालना रोडला चिकलठाण्याच्या अलीकडं एक लिंबाचं झाड, त्याच्याखाली पत्र्याचं शेड, तिथं यासीनभाई. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, उंच, आणि कानात कायम कापसाचा बोळा. चिठ्ठी वाचून हसला आणि खिशात घातली. काय लिहिलंय म्हणलं, तर म्हणाला, काम सीख, फिर बताता. दहा वर्षांनी सांगितलं. मनियारचाचांनी लिहिलं होतं, पोरगा कानाचा पक्का आहे, बोलण्यात जरा गडबड करतो. बघा, बांगड्या भरणाऱ्या माणसाला कळलं होतं.

यासीनभाई फक्त गिअरबॉक्स करायचा. इंजिन नाय, ब्रेक नाय, वायरिंगला तर हातसुद्धा लावायचा नाय. शेडला पाटी नव्हती. म्हणायचा, पाटी वाचून येणारा गिऱ्हाईक आवाज ऐकत नाय, त्याला आवाज ऐकणारा गिऱ्हाईक पाहिजे. आणि त्याचा एक नियम होता. गाडी घेऊन कुणी आला की पहिल्यांदा त्यानं तो आवाज स्वतःच्या तोंडानं काढून दाखवायचा. गिअरबॉक्समधून आवाज येतो एवढं सांगून चालायचं नाय. पैले मुँह से निकालके बताओ. डॉक्टर असो, वकील असो, कॉलेजचे प्राध्यापक असोत, लिंबाखाली उभं राहून घुंऽऽ करायचे, कर्रर्र करायचे. लाजायचे आधी. पण काय आहे, माणूस ज्या आवाजानं आठ दिवस बेजार झालेला असतो तो त्याला बरोबर काढता येतो. एक हेडमास्तरीण बाई यायच्या, त्या इतका हुबेहूब काढायच्या की यासीनभाई म्हणायचा, बाई, गाडी नक्को लाओ, फक्त तुम्ही येत जा.

मग गाडी सुरू करायची. त्याच्याकडं एक काठी होती, हातभर, काळी, गुळगुळीत. त्याचा बाप टांगेवाला, स्टेशनपासून शहागंजपर्यंत टांगा मारायचा, त्याच्या चाबकाची ती दांडी. टांगे गेले, घोडं गेलं, दांडी राहिली. तिचं एक टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं आणि दुसरं दातात धरायचं. कानाला नाय, दातात. कानाला लावली की बाहेरची सगळी दुनिया ऐकू येते, दातात धरली की फक्त आतलं. मला पहिल्यांदा दिली तेव्हा माझ्या अख्ख्या डोक्यात आवाज भरला, मी घाबरून सोडली. यासीनभाई म्हणाला, इंजिन ओरडतं, त्याचं कुणालाही ऐकू येतं, गिअरबॉक्स तोंड मिटून कण्हतो, त्याच्याजवळ बसावं लागतं.

ते सगळं मी शिकलो. गाडी उभी आहे, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, क्लचवर पाय नाय, आणि आतून जातं फिरल्यासारखी घरघर येतीय, पण क्लच दाबला की गप्प. म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. त्याच्या उलट असलं, दाबला की चींऽऽ आणि सोडला की गप्प, तर दुखणं क्लचच्या बेअरिंगचं, गिअरबॉक्स उघडूच नका. एकाच गिअरमध्ये आवाज, तर त्याच गिअरचे दात बघा. आणि गाडी उभी असताना कायच नाय, पळायला लागली की हळूहळू चढत जाणारा, वळचणीला पारवा घुमतो ना तसा आवाज, तर मागचं बेअरिंग. आम्ही त्याला पिछला म्हणायचो आणि पुढच्याला अगला. पारवा घुमतो, हे लक्षात ठेवा.

वीस वर्षं. वीस वर्षं आम्ही दोघं त्या पत्र्याखाली. पुढं त्यानं मला बरोबरीचा धरला, शेड दोघांचं झालं. बहुतेक तो ऐकायचा, मी खोलायचो. भाषा तर आमची कसली राहिली नव्हती, त्याचं है माझ्या तोंडात, माझं नाय त्याच्या तोंडात, शब्द कुणाचा कुठला बघायला वेळ कुणाला. चार वाजता माझ्या घरून चहा यायचा, सुमन थर्मास भरून द्यायची आणि पिशवीत दोन काचेचे गिलास. चहाच्या वेळेला कधी कधी जुन्या गोष्टी निघायच्या. रझाकारांच्या टायमाला माझा बाप आठ दिवस ज्वारीत लपून होता, आणि ॲक्शन झाल्यावर त्याच्या बापानं आठ दिवस टांगा बाहेर काढला नव्हता, घोडं दावणीला उपाशी. एकाचा बाप आधी भ्यालेला, दुसऱ्याचा नंतर. आम्ही ते असं सांगायचो जसं काय दुसऱ्याच मुलखात झालंय. आमच्यात नियम एकच, उघडलेला गिअरबॉक्स दोघांनी रस्त्यावर ऐकल्याशिवाय गाडी सोडायची नाय.

आता तो दिवस सांगतो. शुक्रवार होता, यासीनभाई नमाजला गेलेला. शेडसमोर तीन गाड्या येऊन थांबल्या. मधल्या पांढऱ्या गाडीवर पिवळा दिवा, तो कुणी दिला होता ते मला माहीत नाय, मला वाटतं दुकानात मिळायचा. आतून चेअरमनसाहेब उतरले. कशाचे चेअरमन ते सांगत नाय, तेव्हा इकडं चेअरमन लई होते. दुसऱ्या दिवशी सिल्लोडच्या बाजूला एका गावात त्यांचा सत्कार होता आणि गाडी आवाज करत होती. त्यांचे पीए पुढं झाले, म्हणले, गिअरबॉक्समध्ये बिघाड आहे, साहेबांना संध्याकाळी गाडी पाहिजे. मी म्हणलं, साहेब, आधी आवाज तोंडानं काढून दाखवावा लागतो, आमचा नियम आहे. चेअरमनसाहेबांनी लिंबाच्या झाडाकडं बघितलं. मग पीए म्हणले, साहेबांच्या वतीनं मी काढतो, आणि घसा खाकरून त्यांनी काढला, घर्र घर्र. चेअरमनसाहेब म्हणले, असा नाही. पीएंनी दुसरा काढला. असा पण नाही. तिसरा काढला तेव्हा साहेबांना राहवलं नाय, म्हणले, अहो तुम्ही दोन आवाज एकात मिसळताय, उभी असताना जात्यासारखा, आणि पळताना घुंऽऽऊऽऽ, आणि छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, असा सुंदर काढला साहेबांनी, की मी लगेच ओळखलं, अगला आणि पिछला, दोन्ही. त्यांची भाषणं मी पुढं-मागं लई ऐकली, पण त्या दिवसाइतका खरा आवाज त्यांच्या तोंडून कधी निघाला नाय.

तरी रस्त्यावर ऐकावं लागतं. ड्रायव्हरनं गाडी जालना रोडला घेतली, साहेब पुढं बसलेले, मी त्यांच्या पायाशी दाबून बसलो, चटई उचलली, दांडी टेकवली आणि दातात धरली. बघणाऱ्यांना वाटलं असंल मी पाया पडतोय. उभ्या गाडीत अगला दळत होता. चाळीसच्या पुढं गेलो आणि पिछला घुमायला लागला. पारवा, डिट्टो. माझं निदान पक्कं.

शेडवर आलो, गिअरबॉक्स खाली घेतला, तेवढ्यात यासीनभाई आला. त्याला मी सांगणार, तर पीए म्हणले, साहेब बंगल्यावर चाललेत, तुम्हालाही चहाला बोलावलंय. आता मला सांगा, जन्मात कधी कुणी तसल्या गाडीत बसवलं होतं? मी हात पुसले आणि मागच्या गाडीत जाऊन बसलो, पीएच्या शेजारी, गादी अशी मऊ की आत गेलो. गाडी निघाली तसा मी काचेतून ओरडलो. एरवी मी मराठीतच बोललो असतो, घुमतंय म्हणलो असतो, किंवा त्याच्या भाषेत आवाज करता म्हणलो असतो. पण त्या गाडीत बसल्यावर मला वाटलं, हुकूम हिंदीत शोभतो. मी ओरडलो, यासीनभाई, मैंने सब सुन लिया है, अगला गया, पिछला घुमता है.

यासीनभाईनं हात वर केला. अच्छा, म्हणाला.

तुमच्या लक्षात आलं का? मराठीत घुमणं म्हणजे पारव्यासारखा आवाज करणं. आणि त्याच्या भाषेत घूमना म्हणजे फिरणं. मी म्हणलो, पुढचं गेलंय, मागचं पण आवाज करतंय. त्यानं ऐकलं, पुढचं गेलंय, मागचं फिरतंय, म्हणजे चांगलं आहे. आणि हातानं फिरवून बघितलं असंल तर फिरलंच असंल. खराब झालेलं बेअरिंगसुद्धा तेलात असलं की हाताला गुळगुळीत लागतं. ते धुवून, कोरडं करून, कानाशी फिरवावं लागतं, नायतर ज्यानं रस्त्यावर ऐकलंय त्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. यासीनभाई माझ्या शब्दावर विसंबला. त्याची चूक एवढीच.

बंगल्यावर मी व्हरांड्यात दोन तास बसलो. माझ्यासारखे आणखी पंधरा-वीस जण होते, सगळ्यांना चहालाच बोलावलेलं. चहा आला तेव्हा कपाला कान नव्हता. संध्याकाळी ड्रायव्हर तिकडंच गाडी घेऊन आला. मी विचारलं, कसं झालं, तो म्हणाला, मिस्त्री, एकदम मख्खन. नवीन अगला, नवीन घट्ट तेल, तर पहिले पाच-दहा किलोमीटर मख्खनच वाटणार. दोघांनी रस्त्यावर ऐकायचा नियम होता ना? ड्रायव्हर घाईला आलेला, आणि यासीनभाईनं मनाशी म्हणलं असंल, उत्तमनं ऐकलंय की सगळं. मी तिथूनच घरी आलो. सुमनला चेअरमनच्या बंगल्याची फरशी कशी आहे ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सिल्लोडच्या रस्त्याला चौका गावाच्या पुढं पिछला फुटला. त्याचे तुकडे गिअरात गेले, मागची चाकं जागच्या जागी जाम, गाडी आडवी होऊन बाभळीला टेकली. कुणाला लागलं नाय, देवाची कृपा. साहेबांचा फेटा तेवढा गेला. सत्काराला बँड लावून लोक थांबलेले, म्हणून साहेब फ्लॉवरच्या टेम्पोत बसून गेले, आणि पेपरात फोटो आला त्याच्यात हाराखाली फ्लॉवरचं पान. तो फोटो नसता आला तर कदाचित एवढं वाढलंही नसतं.

फोटो आला त्या दुपारी आठ-दहा माणसं शेडवर आली, पीए पुढं. मागचं बेअरिंग का बदललं नाही? कुणी केलं काम?

यासीनभाई माझ्याकडं बघून म्हणाला, तूने बोला ना, पिछला घूमता है.

आणि त्या क्षणाला मला कळलं. ऐकताय ना? त्याच क्षणाला. रात्री विचार करून नाय, वर्षानं नाय. त्याच्या तोंडून तो शब्द लांब होऊन आला, दीर्घ, आणि मला गुरुजींची उभी पट्टी आठवली. एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या बोलण्यात गडबड झाली. चार शब्द. पण समोर पीए उभा, परवाच मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेलो, आणि मी म्हणलो, मी सांगितलं होतं मागचं आवाज करतंय म्हणून. ह्यानं ऐकलं नाय.

ह्यानं ऐकलं नाय. यासीनभाईनं. ज्याच्याकडं नाशिकच्या गाड्या यायच्या त्याच्या कानासाठी.

मागं उभा असलेला एक जण म्हणाला, ह्यांना मराठी कुठं कळतंय. आणि हसला. यासीनभाईच्या सात पिढ्या ह्या गावात. वीस वर्षं हेडमास्तरीण बाईंशी तो माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचा. मी तेव्हा तरी काही बोलायचं ना? मी नट-बोल्टचा डबा उचलून दुसरीकडं ठेवला. कशाला ठेवला, काय माहीत.

ती माणसं दम देऊन गेली. यासीनभाईनं साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, नमाजला जाताना धुवायचा तसे सावकाश. कानातला कापसाचा बोळा काढला, त्याच्याकडं बघितलं आणि टाकून दिला. चपला घातल्या. मी म्हणलं, यासीनभाई. त्यानं वळून बघितलं. तो थांबला होता, तुम्हाला सांगतो, चांगला थांबला होता. मग गेला. हत्यारं सगळी तशीच, दांडी खिळ्याला तशीच.

चार वाजता थर्मास आला, दोन गिलास.

महिन्याभरात तो बायको-मुलीला घेऊन सोयगावला गेला, सासऱ्याच्या घरी. गिअरबॉक्सला पुन्हा हात लावला नाय म्हणे, पिठाच्या गिरण्या दुरुस्त करायचा. मी शेड चालवलं. ती दांडी वापरली, खोटं कशाला बोलू, दांडीशिवाय मला ऐकू येत नव्हतं. गिऱ्हाईक होतं, काम होतं. पण निदान केल्यावर, बरोबर आहे ना, असं विचारायला कुणी नाय. तुम्हाला वाटंल ही काय मोठी गोष्ट आहे. गिअरबॉक्स उघडून आत तेच निघालं, जे मी बोललो होतो, तर मान वर करून मी कुणाकडं बघायचो? लिंबाकडं.

सुमनला मी खरं काय ते कधी सांगितलं नाय. तिनंही विचारलं नाय. पण थर्मासच्या पिशवीत दोन गिलास टाकणं तिनं बंद केलं नाय. आधी वाटलं सवयीनं टाकती. एक दिवस म्हणलं, आता एकच देत जा. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी दोन. अशी किती वर्षं. मी एकातला चहा प्यायचो आणि दुसरा तसाच धुवून आणायचो, नायतर दोन्हीत ओतून दोन्ही प्यायचो. माझ्या गावाला जायचं तर एसटी सोयगावच्या चौकात थांबते, म्हणून मी गावालाच जायचा बंद झालो. भाच्याच्या लग्नाला गेलो नाय, बापाच्या वर्षश्राद्धाला गेलो नाय, भाऊ म्हणायला लागले, उत्तमला शहराचा माज आला. आजारपणात सुमन एकदा म्हणाली, जाऊन या ना एकदा. कुठं ते बोलली नाय. मी म्हणलं, तू बरी हो, मग जातो. ती बरी झाली नाय.

आता मी पुंडलिकनगरात ह्या दोन खोल्यांत असतो. शेड गेलं, तिथं आता मोठा काचेचा शोरूम आहे, लिंबसुद्धा नाय. पोरगी पुण्याला, तिच्या गाडीला गिअरच नाय, आवाजही नाय, मी बसलो तर मला झोप लागली. इथं दिवसभर मी लोकांचे आवाज ऐकत बसतो. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची पाण्याची मोटर जायला आलीय. समोरच्यांच्या स्कूटरची चेन सैल आहे. त्यांना सांगावं वाटतं, पण कुणी विचारत नाय तर कसं सांगणार. फ्रीज रात्रंदिवस बोलतो, त्याला काय झालेलं नाय, तो तसाच आहे.

मागच्या वर्षी चिकलठाण्याला नाक्यावर मोठा फलक लागला, चेअरमनसाहेब वारले. दिलदार, दानशूर, काय काय लिहिलेलं, आणि एक शब्द होता, जनतेचा आवाज. मी तिथं उभा राहून त्यांचा तो घुंऽऽऊऽऽ आठवला. आणि मनात आलं, त्या दिवसाशी घेणंदेणं असलेले आता यासीनभाई आणि मी, दोघंच राहिलो. त्याच्यात एक जण गेला की ते कायमचं तसंच राहणार, ह्यानं ऐकलं नाय.

घरी येऊन दांडी काढली, पिशवीत घातली, आणि सकाळची एसटी धरली. बसच्या पाटीवर शहराचं नाव बदललंय, कंडक्टर जुनं-नवं दोन्ही ओरडतो. चौक्याच्या पुढं ती बाभळ शोधली, नाय दिसली, रस्ता रुंद झालाय. सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर, मी मनात वाक्य घोकत होतो, शाळेतल्या पोरासारखं.

सोयगावला घर सापडायला वेळ लागला नाय, गिरणीवाले यासीनचाचा सगळ्यांना माहीत. ओट्यावर खाटेवर बसलेला होता, पांढरा झालेला, लहान झालेला. त्यानं मला ओळखलं, लगेच, मी बघितलं ना, भुवया वर गेल्या त्याच्या. मी जोडलेल्या हातानं म्हणलं, यासीनभाई. तो नुसता बघत राहिला. आतून त्याची मुलगी नसीम आली, एवढीशी असताना शेडवर यायची, आता तिचेच केस पिकलेले. म्हणाली, उत्तमकाका, अब्बांना दोन वर्षं झाली, कायच ऐकू येत नाय. कितीबी ओरडा.

मी तिथंच पायरीवर बसलो.

नसीम म्हणाली, लिहून दाखवा पाहिजे तर. पण त्याला उर्दूच वाचता येतं, मला मराठीच लिहिता येतं. नसीम म्हणाली, मला सांगा, मी खुणेनं सांगते. आता पोरीला काय सांगू? तुझ्या बापाला मी लोकांसमोर खोटं पाडलं, ते खुणेनं सांग? आणि घुमणं आणि घूमना ह्याची खूण काय करणार ती?

मग पिशवीत हात घातला आणि दांडी काढली. यासीनभाईनं ती बघितली आणि हात पुढं केला. बोटांनी पार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. आणि काय सांगू तुम्हाला, सवयीनं, काही न विचारता, एक टोक त्यानं दातात धरलं. डोळे मिटले. दुसरं टोक माझ्याकडं. तो गाडी सुरू व्हायची वाट बघत होता.

मी दुसरं टोक माझ्या दातात धरलं. म्हातारे दोन, ओट्यावर, एकाच काठीला चावून बसलेले, रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली. मी दातातूनच बोललो, यासीनभाई, मी घुमतंय म्हणायचं ते घुमता है म्हणलो. चूक माझी. तू बरोबर ऐकलंस. मला त्याच वेळेला माहीत होतं.

त्यानं दांडी काढली. डोळे उघडले. विचार करून म्हणाला, तेरे आगे के दाँत नकली है क्या रे? खडखड आती.

मी व्हय म्हणून मान हलवली. बसवलेले आहेत, तीन वर्षं झाली.

फिर से बोल, म्हणाला, आणि दांडी परत दातात.

मी परत बोललो. सगळं. तो डोळे मिटून ऐकत होता, कपाळाला आठी घालून, जसा न्यूट्रलला ऐकायचा. दांडी काढली, म्हणाला, फिर से. तिसऱ्यांदा बोलताना आवाज दातातून नीट निघेना, तरी बोललो. त्याला पहिल्यांदा खरंच ऐकू आलं नव्हतं का आलं होतं आणि आणखी दोनदा ऐकायचं होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाय. तिसऱ्या वेळेनंतर त्यानं दांडी मांडीवर घेतली, फडक्यानं दोन्ही टोकं पुसली आणि उशाखाली ठेवली. मला परत दिली नाय. हौ, म्हणाला. एवढंच. मग नसीमकडं बघून दोन बोटं वर केली, आणि ती आतून चहा घेऊन आली, दोन गिलास.

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. तो म्हणाला, आते रहना. ते त्याला बोलता येतं, मला फोन करून त्याला काही बोलता येत नाय, फोनला दांडी नसते. आणि आता गुडघ्यामुळं एवढा प्रवास होत नाय. एकदा जमलं, आणखी एकदा गेलो होतो, पुढचं बघू. चार वाजता मी चहा करतो, दुसरा गिलासही धुवून ठेवतो, त्याच्यात चहा ओतत नाय आता, नुसता ठेवतो. बरं असतं.

तुमचं लिहून झालं का? मग एक सांगतो. मघाशी तुम्ही गाडी खाली उभी केली तेव्हाच ऐकलं मी, बंद करायच्या आधी न्यूट्रलला दळत होती, आणि तुम्ही क्लच दाबला की गप्प झाली. व्हय ना? बघा, अजून चुकत नाय. अगला गेलाय तुमचा, ह्या महिन्यात बदलून घ्या, टाळू नका. पिछला चांगला फिरतोय. फिरतोय म्हणलं मी, नीट ऐका, फिरतोय. जा आता, सावकाश जा, सुखी राहा.